सुखशय्या : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची साधने आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. शोधनापूर्वी सिद्ध ठेवावयाच्या सामग्रीची त्यातील यादी परीक्षेपुरती पाठ होते आणि पुढे व्यवसायाच्या धावपळीत मागे पडते. या यादीत औषधिद्रव्यांच्या जोडीने परिचारकांचेही प्रकार मोजलेले आहेत. अन्न शिजविणारा, स्नान घालणारा, अंग चेपणारा, औषध वाटणारा असे परिचारक सांगतानाच आचार्य आणखी दोघांचा उल्लेख करतात : रुग्णास उठविणारा तो उत्थापक आणि त्यास निजविणारा तो संवेशक. उठविणे व निजविणे या क्रिया आचार्यांनी इतक्या कौशल्याच्या मानल्या, की त्यांसाठी जाणती माणसे वेगळी सांगितली. त्याच ठिकाणी शय्येचेही वर्णन आहे. नीट अंथरलेले आस्तरण, वर आच्छादन, उशा, पाठीला टेकू आणि हाताशी पाण्याची झारी व थुंकण्याचे पात्र असा तो सारा सरंजाम आहे.

आज आपण गृहभेटीस जातो त्या घरी काय दिसते? पक्षाघात, खुब्याच्या हाडाचा भग्न, बळावलेला कंपवात किंवा जराजन्य दौर्बल्य यांमुळे अंथरुणाला खिळलेला रुग्ण काही दिवसांतच रुग्णालयातून घरी आणला जातो. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असतो. स्वतःच साठी ओलांडलेली पत्नी किंवा घरची सून ही एकटीच स्नापक, संवाहक, पाचक, उत्थापक व संवेशक अशा साऱ्या भूमिका पार पाडीत असते. दोन-तीन महिन्यांत रुग्णाच्या माकडहाडावर व्रण दिसू लागतो आणि शुश्रूषा करणारीची कंबर धरते. आपण मात्र काढा व तैल लिहून देतो, नाडी पाहतो, धीर देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. रुग्ण दिवसाचे चोवीस तास ज्या गादीवर पडून असतो, ती गादी उचलून पाहण्याचा विचार फार थोड्यांच्या मनात येतो.

उत्थापक व संवेशक यांची घरातील रिकामी जागा आज काही अंशी साहाय्यक साधने भरून काढू शकतात. मात्र त्यांची निवड, त्यांचे मान आणि त्यांचा विधी सांगणे हे औषधयोजनेइतकेच वैद्याचे काम आहे, अशी आमची धारणा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह करावयाचा आहे.

शय्या हा हेतू

वातव्याधिचिकित्सिताच्या आरंभी वातप्रकोपाची कारणे सांगताना चरकाचार्यांनी दुःखशय्या व दुःखासन यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. लंघन, अतिव्यायाम, धातुक्षय, वेगविधारण यांच्या पंक्तीत अंथरुणालाही हेतूचे स्थान मिळाले आहे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, हे आपण रुग्णास पथ्य सांगताना नित्य उच्चारतो. मग ज्या रुग्णाची शय्याच दुःखशय्या आहे, त्याच्या बाबतीत निदानपरिवर्जन शय्येपासूनच सुरू झाले पाहिजे.

अर्वाचीन शास्त्र हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगते. पडून राहिलेल्या शरीराचा भार थोड्या ठिकाणी एकवटतो. माकडहाड, खुब्याची बाहेरील बाजू, टाचा, घोटे, कोपरे, खवाटे, डोक्याची मागील बाजू आणि कुशीवर निजणाऱ्याच्या कानाची पाळी ही ती स्थाने होत. येथे हाड व गादी यांच्यामध्ये त्वचा आणि मांस चिरडले जाते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्ताअभावी धातूंचा नाश होतो. पुष्कळदा हा नाश आतून, हाडालगतच्या मांसात आरंभ पावतो. वर दिसणारा लहानसा व्रण हा आतील मोठ्या पोकळीचे तोंड असू शकतो. म्हणूनच २०१६ साली अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने दाबजन्य ‘व्रण’ ही संज्ञा बदलून दाबजन्य ‘इजा’ अशी संज्ञा स्वीकारली, कारण त्वचा अखंड असतानाही इजा झालेली असते.

या अवस्थेची परीक्षा सोपी आहे. लाल दिसणाऱ्या जागी बोटाने दाब देऊन सोडावा. लाली क्षणभर मावळून परत आली तर रक्ताभिसरण शाबूत आहे. लाली तशीच राहिली तर शय्याव्रणाची पहिली अवस्था आली असे समजावे. आपल्याकडील सावळ्या वर्णाच्या त्वचेवर लाली सहज ओळखू येत नाही. तेथे शेजारच्या भागाशी तुलना करून ती जागा उष्ण, टणक किंवा दुखरी लागते का, हे हाताने पाहावे. दर्शनापेक्षा स्पर्शन येथे अधिक उपयोगी ठरते.

येथे वैद्यबंधूंना आग्रहाची एक सूचना करावीशी वाटते. अशा लाल जागेवर कोणतेही तैल चोळू नये. अभ्यंग हे आपले बलस्थान आहे आणि नातेवाईकही मोठ्या श्रद्धेने तेल चोळतात. परंतु आधीच दाबाने पीडित झालेल्या धातूंवर मर्दन केल्यास आतील हानी वाढते. हातपाय, पाठीचा निरोगी भाग येथे हलका अभ्यंग अवश्य करावा. लाल झालेली हाडावरची जागा मात्र सोडून द्यावी. तिचा उपचार एकच, तेथील भार काढून घेणे. पाठीला स्पिरिट व पावडर चोळण्याची जुनी पद्धतही सोडावी. स्पिरिटने त्वचा रूक्ष होते, पावडरचे ओलसर गोळे होऊन त्वचेस घासतात.

गादीचा विवेक

बाजारात या रुग्णांसाठी मुख्यतः तीन प्रकारच्या गाद्या मिळतात. पहिली चांगल्या प्रतीच्या जाड फोमची. दुसरी पाण्याची, म्हणजे वॉटर बेड. तिसरी विजेच्या पंपावर चालणारी, हवेच्या कप्प्यांची, म्हणजे एअर बेड. तिसऱ्या प्रकारात आळीपाळीने काही कप्पे फुगतात व काही रिकामे होतात, त्यामुळे शरीराच्या एकाच भागावर सतत भार राहत नाही. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही अशा रुग्णास ही गादी विशेष उपयुक्त आहे.

परंतु एअर बेड आणली म्हणजे काम संपले, हा समज घातक आहे. ही गादी नेहमीच्या गादीवर पसरावयाची असते. तिच्यावर फक्त एक पातळ सुती चादर असावी. पुष्कळ घरी तिच्यावर गोधडी, गोधडीवर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर घडी घातलेली चादर अशी थरावर थर रचलेली दिसते. अशाने हवेच्या कप्प्यांचा लाभ रुग्णाच्या त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. रुग्णाचे वजन पाहून पंपावरील दाबाची खूण लावावी लागते. ती योग्य आहे की नाही हे पाहण्याची रीत अशी : रुग्ण निजलेला असताना त्याच्या माकडहाडाच्या खाली, एअर बेडच्या तळाशी तळहात सरकवावा. हात व शरीर यांच्यामध्ये सुमारे एक इंच हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड हाताला टेकत असेल तर गादी ‘बसली’ आहे. असा भाग बसलेल्या गादीपेक्षा साधी फोमची गादी बरी.

पंपाला वीज फार थोडी लागते आणि घरातील इन्व्हर्टरवर तो चालतो. तरीही वीज दीर्घकाळ जाणाऱ्या गावी पंप बंद पडल्यास काय करावयाचे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. वॉटर बेडला वीज लागत नाही, ही तिची जमेची बाजू. मात्र पाणी अति भरल्यास ती ताठ होते, कमी भरल्यास शरीर तळाला टेकते, आणि थंडीत गार पाण्याने वातरुग्णास त्रास होतो.

मध्ये भोक असलेली रबरी चकती किंवा कापडाची चुंबळ माकडहाडाखाली ठेवण्याची प्रथा अजूनही आढळते. तिच्या कडांनी सभोवतालच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट घटतो. ती बंद करावी. रबरी हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवणेही तसेच निरुपयोगी. टाचेसाठी उत्तम साधन म्हणजे साधी उशी. ती पोटरीच्या लांबीभर खाली द्यावी, म्हणजे टाच अधांतरी राहते.

आणि कोणतीही गादी असली तरी कूस बदलणे चुकत नाही. सर्वसाधारण नियम दर २ तासांचा आहे. रुग्णाचे बल, त्वचेची स्थिती व गादीचा प्रकार पाहून तो कमीअधिक करावा. पूर्ण कुशीवर वळविल्यास सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी किंवा लोड लावून सुमारे ३० अंशांचा कलता कोन द्यावा. भिंतीवर घड्याळाशेजारी ‘डावी, उताणे, उजवी’ असा कागद चिकटवून प्रत्येक वेळी खूण करण्याची सवय लावली, तर दिवसा व रात्री पाळी करणाऱ्या दोन माणसांत गोंधळ होत नाही.

उठविणे, सरकविणे, बसविणे

त्वचेचा दुसरा शत्रू म्हणजे ओढाताण. डोक्याकडील भाग उंच केला की रुग्ण हळूहळू पायांकडे घसरतो. वरची त्वचा चादरीला चिकटून राहते व आतील हाड खाली सरकते. या विरुद्ध ताणाने मधल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. म्हणून भोजनाची वेळ सोडून डोक्याकडील भाग ३० अंशांहून अधिक उंच ठेवू नये. हँडल फिरवून वरखाली होणारी फाउलर खाट असल्यास आधी गुडघ्यांकडील भाग उचलावा व मग पाठीचा, म्हणजे घसरणे कमी होते. अमेरिकन शल्यविद् जॉर्ज रायरसन फाउलर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही बैठक उदरशल्याच्या रुग्णांसाठी पुढे आली. आज ती घराघरांत पोहोचली आहे.

घसरलेल्या रुग्णास काखेत हात घालून वर ओढण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिने पक्षाघातग्रस्त खांदा निखळू शकतो, पाठीची त्वचा सोलवटते आणि ओढणाऱ्याची कंबरही दुखावते. येथे उपयोगी पडणारे साधन जवळजवळ फुकट आहे. दुहेरी घडी घातलेली एक मजबूत चादर रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी अंथरावी. दोघांनी दोन्ही बाजूंच्या कडा शरीरालगत गुंडाळून पकडाव्यात आणि एकाच वेळी रुग्णास किंचित उचलून वर न्यावे. गुळगुळीत नायलॉनची सरकती चादर मिळते, तिने हेच काम आणखी सुलभ होते. वजनदार रुग्णासाठी झोळी व दांडा असलेले उचलयंत्र, ज्याला हॉइस्ट म्हणतात, ते घरीही वापरता येते. मात्र त्यास खोलीत फिरण्यापुरती जागा हवी आणि खाटेखाली त्याचे पाय जावेत इतकी पोकळी हवी, याची खरेदीपूर्वी खात्री करावी.

खाटेच्या उंचीबद्दल थोडा विचार हवा. शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेपर्यंत खाट उंच असेल तर तिला वाकावे लागत नाही. याउलट ज्या रुग्णास काठाशी बसवून उभे करावयाचे आहे, त्याचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पूर्णतः शय्यास्थ रुग्णाच्या खाटेखाली भक्कम ठोकळे देऊन ती उंच करावी. बरा होऊ घातलेल्या रुग्णाची खाट बुटकी असावी. बाजूच्या कठड्यांविषयीही तारतम्य हवे. भ्रमिष्ट व अस्वस्थ रुग्ण कठडा ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो, किंवा कठडा व गादी यांच्या फटीत अडकतो.

शक्य असेल त्या प्रत्येक रुग्णास दिवसातून काही काळ बसवावे, हे तर आवर्जून सांगितले पाहिजे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील मांसधातू सरासरीने जवळजवळ १ किलोग्रॅम घटल्याचे आढळले. रोगी वृद्धाची काय कथा? चाकाची खुर्ची याच कामाची. आजची घडीची खुर्ची १९३० च्या दशकात हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज या दोघा अभियंत्यांनी घडविली. त्यांपैकी एव्हरेस्ट स्वतः खाणीतील अपघाताने अपंग झाले होते. खुर्चीतही दाबाचा नियम सुटत नाही. बैठकीवर योग्य गादी हवी आणि दर १५ ते ३० मिनिटांनी अंग थोडे उचलून किंवा कलवून भार हलवावयास हवा.

वेगधारण आणि संकोच

चरकाचार्यांनी तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. शय्यास्थ रुग्ण यांपैकी मूत्र व पुरीष यांचे वेग नित्य धरून ठेवतो, आणि त्याचे कारण शरीरात नसून संकोचात असते. सुनेस हाक कशी मारावी, मध्यरात्री पत्नीस किती वेळा उठवावे, या विचाराने तो पाणी पिणेच कमी करतो. मग मूत्रदाह होतो, मलबद्धता होते, भूक मंदावते, आणि आपण त्यास एरंडतैल वा त्रिफळा देतो.

आमच्या नित्याच्या रुग्णांपैकी पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्यांचा विबंध कोणत्याही योगास दाद देत नव्हता. चौकशीअंती कळले, की ते सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नसत. बेडपॅनवर उताणे निजून मलविसर्जन होत नसे आणि रात्री हाक मारण्याचीही लाज वाटे. आम्ही औषध बदलले नाही. दारावर लावतात तसली बिनतारी घंटा आणवून तिची कळ त्यांच्या उजव्या हाताशी बांधली आणि घंटा पत्नीच्या उशाशी ठेवली. चाकांना कुलूप असलेली कमोड खुर्ची खाटेलगत लावून, सकाळी कोमट पाण्यानंतर त्यांना तीवर बसविण्याचा क्रम ठरविला. काही दिवसांतच पाणी पिणे वाढले आणि त्यानंतर पूर्वीचीच अल्प मात्रेतील त्रिफळा पुरेशी ठरली. ‘डॉक्टर, आता मला कुणाला उठवायची भीती वाटत नाही,’ हे त्यांचे उद्गार आमच्या स्मरणात आहेत.

बसून मलविसर्जन करणे हे शरीराच्या प्रकृतीस अनुकूल आहे, म्हणून बसवता येईल त्यास कमोड खुर्चीच द्यावी. बेडपॅन द्यावाच लागला तर काम होताच काढावा, त्याची कडाही व्रण करते. पुरुषांसाठी मूत्रपात्र हाताशी टांगून ठेवावे. डायपर हे प्रवासाचे व रात्रीचे सोयीचे साधन आहे. ते ओले होताच बदलावे, साध्या पाण्याने स्वच्छ करून त्वचा टिपून कोरडी करावी. केवळ घरच्यांच्या सोयीसाठी मूत्रनलिका कायम ठेवू नये, कारण तिच्या मार्गाने जंतुसंसर्ग होतो. ती अपरिहार्य असेल तेव्हा पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता असावी.

औषधी देण्यापूर्वी

साधनांचा विचार आपल्या चिकित्सेशी कसा जोडलेला आहे, हे पुढील काही बाबींवरून ध्यानात येईल.

पक्षाघातात गिळण्याची क्रिया अनेकदा बिघडते. अशा रुग्णास उताणे निजवून चमच्याने काढा, तैल किंवा घृत पाजणे धोक्याचे आहे. द्रव श्वासमार्गात उतरतो व न्यूमोनिया होतो. स्निग्ध द्रव्य फुप्फुसात गेल्यास ते तेथेच साचून राहते. म्हणून स्नेहपानाच्या आधी टेकू हवा. रुग्ण शक्य तितका ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, घोट लहान, आणि नंतर अर्धा तास तरी तसाच बसलेला असावा. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज ओलसर येत असेल तर मुखाने औषध व नस्य दोन्ही थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

स्वेदनात बधिर अंगाचा प्रश्न येतो. संवेदना गेलेल्या पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास भाजले तरी रुग्णास कळत नाही. तेथे स्वेदनाची उष्णता शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या हातावर पाहावी व हात तेथेच ठेवून शेक द्यावा.

घरी प्राणवायूचे यंत्र अथवा सिलिंडर असल्यास धूपन, उदबत्ती, निरांजन त्या खोलीतून हद्दपार करावे. सिलिंडरच्या तोटीस तेलकट हात लावू नये, कारण दाबाखालील प्राणवायू व तेल यांचा संयोग पेट घेऊ शकतो. अभ्यंग करणाऱ्याने हात धुऊनच यंत्रास स्पर्श करावा. तसेच लेटेक्सच्या नलिका तेलाने जीर्ण होतात, हेही लक्षात असावे.

व्रण झालाच तर व्रणशोधन व व्रणरोपण यांत आपले शास्त्र समृद्ध आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आणि व्रणितोपासनीय अध्यायात व्रणिताच्या घराची व शय्येचीही चर्चा केली. परंतु भार काढल्यावाचून कोणतेही तैल वा घृत व्रण भरून आणणार नाही. आहारात पुरेसे मांसवर्धक द्रव्य हवे. अशा प्रौढ रुग्णास दररोज प्रतिकिलो वजनास १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. वृक्कविकार असल्यास मात्र तज्ज्ञाच्या सल्ल्याने मात्रा ठरवावी. काळी मृत त्वचा, दुर्गंधी, ज्वर, हाड दिसणे किंवा सभोवती पसरणारी लाली ही लक्षणे दिसताच शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यास विलंब करू नये. शय्याव्रणातील दोष रक्तात पसरून रुग्ण दगावतो.

वाचा गेलेला रुग्ण

बोलता न येणारा रुग्ण समजत नाही असे गृहीत धरले जाते आणि त्याच्यासमोरच त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडला जातो. अशांसाठी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत किंवा चित्रांत ‘पाणी’, ‘दुखते’, ‘लघवी’, ‘कूस बदला’, ‘पंखा’ असे लिहिलेला फलक करावा. रुग्ण बोट दाखवील, बोटही हलत नसेल तर घरच्यांनी एकेक शब्द दाखवावा आणि रुग्णाने डोळे मिटून होकार द्यावा. आज भ्रमणध्वनीवर मराठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या सोयीही उपलब्ध आहेत. परंतु पुठ्ठ्याच्या फलकास वीज लागत नाही आणि नातवंडांनाही तो वापरता येतो. दुखते कोठे हे सांगता येणे, ही शय्याव्रणाच्या प्रतिबंधातील मोठीच गोष्ट आहे.

खर्चाचा प्रश्न

चरकाचार्यांचा तो सरंजाम राजा व संपन्न गृहस्थ यांच्यासाठी सांगितलेला आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्याच अध्यायात पुढे दरिद्री रुग्णाचाही विचार आहे. साऱ्यांपाशी सारी सामग्री असत नाही, म्हणून आपत्तीत जे मिळेल त्याने काम चालवावे, असा त्याचा आशय आहे. वर सांगितलेली चादर, उशी, ठोकळे, पुठ्ठ्याचा फलक यांस किती खर्च येतो?

महाग साधनांसाठी काही मार्ग आहेत. महाराष्ट्रातील अनेक शहरांत व तालुक्याच्या गावी सेवाभावी संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन अल्प भाड्याने किंवा विनामूल्य देतात. फाउलर खाट, एअर बेड, वॉकर, चाकाची खुर्ची असे साहित्य तेथे मिळते. केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. अल्प उत्पन्नाच्या साठ वर्षांवरील नागरिकांना चालण्याची, बसण्याची, ऐकण्याची साधने देणारी ही योजना कानपूर येथील ‘अ‍ॅलिम्को’ या १९७२ साली स्थापन झालेल्या शासकीय महामंडळामार्फत राबविली गेली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत पासष्ट वर्षांवरील पात्र नागरिकांना साधनखरेदीसाठी एकरकमी ३००० रुपये देण्याची तरतूद केली गेली. पात्रतेचे नियम व मुदती वेळोवेळी बदलतात, म्हणून रुग्णाच्या नातेवाइकास समाजकल्याण कार्यालयाचा रस्ता दाखविणे हेही आपले काम समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ५० अग्रक्रमाच्या साहाय्यक साधनांची यादी प्रसिद्ध केली. तीत दाब कमी करणाऱ्या गाद्या, कमोड खुर्च्या आणि संवादफलक या साध्या गोष्टींना स्थान आहे, हे लक्षणीय होय.

केरळाचे उदाहरण बोलके आहे. १९९३ साली कोझिकोडे येथे वेदनाशमन व परिहार चिकित्सेची संस्था उभी राहिली. पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांतून तयार झालेले स्वयंसेवक घरोघरी जाऊन शय्यास्थ रुग्णांची विचारपूस करू लागले आणि २००८ साली त्या राज्याने या चिकित्सेचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. तेथील यशाचे मर्म यंत्रापेक्षा यंत्र वापरण्यास शिकविणाऱ्या माणसांत आहे.

गृहभेटीत विचारावयाचे प्रश्न

नाडीपरीक्षेनंतर पाच मिनिटे खर्चून पुढील गोष्टी पाहाव्यात, अशी विनंती आहे.

१. माकडहाड, खुबे व टाचा कपडा बाजूला करून पाहिल्या काय?
२. गादीखाली हात घालून ती बसली आहे का, हे पाहिले काय?
३. कूस किती वेळाने व कोण बदलते? रात्री कोण?
४. रुग्णास वर सरकविण्याची पद्धत करून दाखवावयास सांगितली काय?
५. रुग्ण दिवसभरात किती पाणी पितो आणि कमी पीत असल्यास का?
६. हाक मारण्यासाठी त्याच्या हाताशी काय आहे?
७. औषध व अन्न कोणत्या स्थितीत दिले जाते?
८. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीस झोप मिळते काय? तिची कंबर कशी आहे?

शेवटचा प्रश्न गौण नाही. चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थाता हा एक पाद आहे. उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे त्याचे गुण सांगितले आहेत. अनुराग आणि शौच घरच्या माणसांजवळ असतातच. उपचारज्ञता त्यांना कोणीतरी द्यावी लागते आणि दक्षता टिकण्यासाठी त्यांच्या शरीरात त्राण शिल्लक राहावे लागते. तो पाद खचला तर उरलेले तीन पाद रुग्णास सावरू शकत नाहीत.

ही साधने परकीय वैद्यकाची, आपला त्यांच्याशी काय संबंध, असा सूर कधीकधी कानी येतो. एकशे एक यंत्रांचे वर्णन करणाऱ्या सुश्रुताचार्यांच्या परंपरेत असा सूर शोभत नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने दोन एअर बेड, एक कमोड खुर्ची, एक चाकाची खुर्ची व काही सरकत्या चादरी एवढे साहित्य जमवून स्थानिक वैद्यांच्या चिठ्ठीवर रुग्णांस वापरावयास द्यावे, आणि दर तीन महिन्यांनी घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एका दुपारचा वर्ग घ्यावा, अशी आमची सूचना आहे. तोवर प्रत्येकाने आपल्या पुढच्या चिकित्सापत्रावर औषधांच्या वर एक ओळ शय्येसाठी राखून ठेवावी. गादी कोणती, कूस किती वेळाने, उशी कोठे, एवढे त्या ओळीत लिहिले तरी पुरे.